खुंटीवरचे बूट

वयनी माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी पायांकडे. दारात सोयरा आलेला असो, भाजीचा व्यापारी असो की मतं मागायला आलेला पुढारी, त्यांची नजर थेट खाली जायची आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "पाय कोरडे हायेत न?" हो म्हणून सुटका होत नसे. चपला काढून ओसरीच्या फरशीवर उभं राहावं लागे. फरशीवर ओला ठसा उमटला की त्या आत जात आणि फडकं घेऊन येत. त्या पुढाऱ्यानेही एकदा पाय पुसले होते. मतदानाबद्दल काय ठरलं ते मात्र त्याला कळलं नाही.

देऊळघाटला त्यांचं वावर आणि आमचं वावर एका बांधाला लागून आहे. आमचं रक्ताचं नातं नव्हतं. शेजाराच्या नात्याने त्या वयनी, त्यांचे यजमान दादा आणि मी भाऊजी. मी बुलढाण्याला एका वर्तमानपत्राच्या कचेरीत कामाला होतो. हिवाळ्यात गव्हाला पाणी द्यायचं असलं की सुटी टाकून गावी यायचो. गाव वयनींना त्यांच्या माघारी ‘बूटवाली’ म्हणायचं. त्यांना ते माहीत होतं. एकदा विहिरीवर कुणी तरी ते जरा मोठ्याने बोललं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "हाव, मीच ते."

गावी येताना कचेरीत उरलेले जुने पेपर घेऊन येणं हे माझं काम होतं. वयनी ते दारातच तपासत. पान दोन बोटांत धरून चोळायचं, जिभेवरचं बोट कोपऱ्याला लावायचं आणि ओल किती पसरते ते बघायचं. रंगीत पुरवण्या त्या बाजूला काढत. "हे गुयगुयीत पान आनू नोका, भाऊजी. पानी पेत नाही. अन् याचा रंग पायाले लागते." तालुक्याच्या बातम्यांचं आतलं पान त्यांना सगळ्यांत पसंत होतं. ते पान लावायचं काम माझ्याकडे होतं. त्या म्हणत, "तुमचं पान चांगलं. त्याच्यात सगळं जिरून जाते."

हे पेपर जायचे गमबुटांत. वयनींचं हे बुटांचं शास्त्र दादांच्या पायांपासून सुरू झालं.

दादांच्या तळपायांना घाम यायचा. उन्हाळ्यात यायचाच, पण भर थंडीतही यायचा. लग्न होऊन वयनी घरात आल्या तेव्हा त्यांनी कुंकवाच्या पाण्याच्या परातीत पाय देऊन उंबरठा ओलांडला. त्यांची लाल पावलं आतपर्यंत उमटली. शेजारून दादा चालत होते. त्यांचीही पावलं उमटली, नुसत्या पाण्याची. नणंदा हसून लोळल्या. वयनी हा किस्सा स्वतःच सांगायच्या, "परातीत पाय म्या देल्ला, अन् यायचे काऊन उमटले? मी म्हटलं, हा मानूस कुठून पान्यातून चालत आला." सांगताना पूर्वी त्या हसत. नंतरही सांगत, पण शेवटच्या वाक्यावर थांबत.

गहू ओलताना, म्हणजे पाणी देताना, माणूस पिंढऱ्यांपर्यंत चिखलात असतो. काट्यांसाठी आणि साप-जनावराच्या भीतीने दादांनी आठवडी बाजारातून गमबूट आणले. रबराने बाहेरचं पाणी अडवलं आणि आतलं कोंडून ठेवलं. तासाभराने बूट काढले की मोजे पिळून पाणी निघायचं. हात चालू असेपर्यंत पाय गरम राहत. वाफा भरायची वाट बघत बांधावर उभं राहिलं की तोच घाम थंड पडायचा, बोटं बधिर व्हायची आणि आठवड्याभरात बेचक्यांत चिखल्या व्हायच्या. दादा कुरकुरत नसत. चुलीपुढे पाय पसरून बसत आणि पायांतून वाफ निघे.

वयनींनी एकेक गोष्ट करून बघितली. घरून बूट घालून निघालं की वावरात पोचेपर्यंतच पाय ओले होतात, म्हणून त्यांनी चालताना चपला आणि बूट खांद्यावर असं ठरवलं. बांधावर बसून पाय पुसायचे, बेचक्यांत गोवरीची वस्त्रगाळ राख लावायची, मग मोजे. नायलॉनचे मोजे घरात बंद झाले. हिवाळ्यात बुलढाण्याला रस्त्याकडेला स्वेटरवाले बसतात, त्यांच्याकडचे लोकरीचे मोजे आले. दुसरा जोड कामावर सोबत न्यायचा आणि अर्ध्या कामात बदलायचा. संध्याकाळी बुटांत कागदाचे बोळे. जेवणं झाली की ते काढून दुसरे. आणि शेवटी कढईत तापवलेली वाळू फडक्याच्या पिशवीत भरून प्रत्येक बुटात एक. वाळू हाताला सोसेल इतकीच गरम, म्हणजे बुटाचा तळ सुटत नाही. "बुटाले चटका नाही द्याचा, तय सुटते. ऊब द्याची." दादांच्या चिखल्या गेल्या. गावातले गडी चेष्टा करत की दादांचे बूट दादांपेक्षा आधी झोपतात.

ज्या वर्षी दादा गेले त्या हिवाळ्यात वयनींच्या बहिणीकडे उंद्रीला लग्न होतं. हळदीच्या दिवशी त्या गेल्या आणि रात्री तिथेच थांबल्या. त्या आठवड्यात मोटरला लाइन पहाटे मिळत होती. आदल्या दिवशीचे ओले बूट मोटरच्या खोपीत तसेच पडले होते. पुढचं गजूने सांगितलेलं आहे. गजू त्यांचा एकुलता मुलगा, तेव्हा कॉलेज सोडून नुकताच शेतीत आलेला. तो पाण्याच्या दांडाच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. त्याने बापाला बूट घालताना बघितलं, चार पावलं टाकून परत येताना बघितलं, बूट काढून खोपीच्या खुंटीला अडकवताना बघितलं. दादा म्हणाले, "बर्फ झाले बे." मग ते फुटक्या दांडाच्या पाण्यातून अनवाणी स्टार्टरच्या पेटीकडे गेले. पेटीत करंट उतरला होता.

बातमी पोलीस ठाण्यातून फोनवर आली. त्या दिवशी पान मीच लावत होतो. विजेचा धक्का लागून शेतकऱ्याचा मृत्यू, अशी ती तीन ओळींत गेली. त्यात नाव होतं, वय होतं, गाव होतं. बूट नव्हते.

वयनी लग्नातल्या लुगड्यावरच आल्या. दादांना ओसरीत ठेवलं होतं. नेल्यानंतर त्या जागेवर, आमच्याकडे करतात तसं, ताटात पीठ पसरलं, शेजारी दिवा ठेवला आणि वर टोपलं झाकलं. गेलेला जीव कोणत्या वाटेने गेला त्याची खूण पिठावर उमटते असं मानतात. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपलं उचललं तेव्हा सगळे वाकून बघत होते. ताटाच्या कडेला पीठ ओलं होऊन गोळा झालं होतं. तळहाताएवढी जागा. ओसरीवर टिनाचे पत्रे आहेत आणि थंडीत त्यांच्यावर आतून दव धरतं. मी वर बघितलं तेव्हा पत्र्याच्या कडेला एक थेंब लोंबत होता. टोपलं जुनं होतं, विणीत फटी होत्या. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. बाया आपापसांत काहीबाही बोलत होत्या. वयनींनी त्या ओल्या जागेवर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "वल्या पायानंच गेले."

तेराव्यानंतर त्या वावरात आल्या. खोपीच्या खुंटीवर बूट तसेच होते. त्यांनी ते उतरवले, आत हात घालून बघितलं, पेपरचे बोळे भरले आणि परत अडकवले. दुसऱ्या दिवशी सकाळी बोळे काढले, संध्याकाळी नवे भरले. ते बूट पुन्हा कुणी घातले नाहीत. वयनींनी ते रोज सुकवले.

सकाळी काढलेले बोळे ओलसर निघत. एका सकाळी त्यांनी एक माझ्या हातात ठेवला. माझंच पान होतं, शाई फुटलेली आणि कागद मऊ पडलेला. मी त्यांना सांगितलं की विहिरीच्या कडेला हवेत ओल असते, रबर रात्री गार पडतं आणि आत दव धरतं. कुणीही न घातलेल्या बुटांतही असंच होईल. वयनींनी शांतपणे ऐकून घेतलं. "असल," त्या म्हणाल्या. मग बोळा माझ्या हातातून परत घेऊन तो दाबून बघितला आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "आज जास्त हाय. लय फिरले वाटते."

गजूला हे सहन होत नसे. सकाळी आई खुंटीकडे गेली की तो पाठ करून उभा राही. त्याचे पाय बापाचे होते. तोच घाम, त्याच चिखल्या, फरशीवर तसेच ठसे. वयनींची सगळी भीती त्या ठशांत होती. त्यांनी पेटी बदलून घेतली, अर्थिंग करून घेतली, पेटीपुढे जाड लाकडी फळी टाकली. वायरमन म्हणाला, आता काही होत नाही. वयनी त्याला हो म्हणाल्या आणि त्याच्या पायांकडे बघत राहिल्या. गजूसाठी त्यांनी नवे गमबूट आणले. तो घरून निघताना ते पायात घालायचा आणि आई नजरेआड झाली की काढून बांधावर ठेवायचा. गावातले सगळे गडी अनवाणीच पाणी देतात, आपण बाईमाणसाच्या धाकाने बूट घालायचे का, असं त्याचं म्हणणं होतं. बूट आतून ओले झाले की पाय मेल्यासारखे होतात, हेही तो खरं सांगायचा. शिवाय एक गोष्ट तो फक्त माझ्याशी बोलला होता. बाप बूट काढताना त्याला हाक मारून थांबवता आलं असतं का, याचा हिशेब त्याला लागत नव्हता.

म्हणून वयनी पहाटे त्याच्या मागोमाग वावरात येऊ लागल्या. त्याचे कोरडे मोजे त्या पदराची ओटी करून कमरेला पोटाशी खोचून आणत, म्हणजे बदलायच्या वेळी ते गरम मिळत. विधवेची ओटी कुणी भरत नाही. बायांना बोलायला ते पुरेसं होतं. बूटवालीची ओटी पोरानं मोज्यानं भरली, असं पाणवठ्यावर बोललं गेलं. वयनींनी ऐकलं आणि त्या दिवसापासून मोज्यांचे दोन जोड आणू लागल्या.

एका पौषातल्या पहाटे मी आमच्या बाजूने पाणी धरत होतो. धुकं पैनगंगेकडून वर सरकत होतं. मधेच लाइन गेली आणि थोड्या वेळाने आली. मोटर पुन्हा चालू करायला गजू वाफ्यातून निघाला. त्याने बूट बांधावर काढून ठेवलेले मला दिसत होते. वयनी त्याच्या आधी पेटीपाशी पोचल्या आणि फळीवर उभ्या राहिल्या. तो बाजूला हो म्हणाला. त्या हलल्या नाहीत. बांधावरून दोन मजूर बघत होते, त्यांतला एक हसला. ते हसणं ऐकून गजूचा आवाज चढला.

"मेलेल्याचे बूट सुकवून राह्यली अन् जित्याच्या मांगं लागली. काय पाह्यजे तुले?"

वयनी त्याच्या पायांकडे बघत होत्या. दांडातलं पाणी त्यांवरून वाहत होतं.

"त्याइले म्या एक रात सोडलं," त्या म्हणाल्या. "तुले नाही सोडत. बस खाली."

त्या रात्रीबद्दल वयनी एवढंच बोलल्या. त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही.  गजू फळीच्या कडेला बसला. वयनींनी त्याचा एक पाय मांडीवर घेतला, पदराने पुसला, बोटांच्या बेचक्या एकेक करून पुसल्या, राख लावली, ओटीतून मोजा काढून चढवला. मग दुसरा पाय. बूट मी नेऊन दिले. मोटर चालू झाल्यावर गजू मजुरांकडे गेला आणि त्यांना काम सांगू लागला. कुणी हसलं नाही.

त्याच दिवशी दुपारी त्यांनी गजूला ओसरीच्या फरशीवर उभं केलं आणि बाजूला व्हायला सांगितलं. ओला ठसा वाळायच्या आत त्याच्याभोवती कोळशाने रेघ ओढली. मग दादांची घोंगडी आणली. थंडीत दादा हीच पांघरून वावरात जात आणि ते गेल्यापासून ती घडी करून ठेवलेली होती. त्या रेघेवर माप धरून वयनींनी घोंगडीतून पायाचे तळवे कापले, दोन गजूच्या बुटांत घालायला आणि दोन बदलीला. कातर बोथट होती आणि लोकर दाट, म्हणून वेळ लागला. गजू समोर बसून बघत होता. त्याने अडवलं नाही. उरलेल्या तुकड्यातून त्यांनी आणखी एक जोड कापला, तो माप न घेता. ते तळवे खुंटीवरच्या बुटांत गेले.

घोंगडीने घाम ओढला. गजूचे पाय त्या हिवाळ्यात बरे झाले आणि त्यानंतर तो बूट घातल्याशिवाय पेटीकडे गेला नाही. पुढे गावात आणखी काहींनी घोंगडीचे तळवे करून घेतले. माप द्यायला ते वयनींच्या ओसरीत येऊन उभे राहत. ज्यांच्या पायांना घाम येत नसे त्यांना वयनी आधी पाण्यात पाय बुडवायला लावत. पण खुंटीवरच्या बुटांचं रोजचं काम थांबलं नाही. पावसाळ्यात नाही, उन्हाळ्यात नाही. उन्हाळ्यात बोळे कोरडे निघत आणि वयनी त्याबद्दल काही बोलत नसत. हिवाळा लागला की सकाळी पुन्हा त्यांचं ते दाबून बघणं सुरू होई.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. छातीत कफ होता. बुलढाण्याला डॉक्टरांनी काही दिवस ठेवून घेतलं आणि मग घरी न्या म्हणाले. त्यांची खाट ओसरीला लागून असलेल्या खोलीत टाकली होती. मी आता नोकरीतून मोकळा झालो आहे, त्यामुळे रोज जात होतो. पहिल्या संध्याकाळी त्यांनी गजूला विचारलं, "सुकवले का?" गजूला कोणते बूट ते विचारावं लागलं नाही. इतकी वर्षं ज्या खुंटीकडे त्याने पाठ केली होती तिथे तो पेपर घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याबरोबर होतो. थंडी होती, खोपीच्या गवतावर दव पांढरं दिसत होतं. गजूने बुटात हात घातला, जरा थांबला आणि बोळा बाहेर काढला. त्याने तो मुठीत दाबला. मूठ ओली झाली. तो हात त्याने पँटला पुसला, पुन्हा एकदा पुसला, आणि आम्ही घरी आलो. वयनी जाग्या होत्या, दाराकडे बघत होत्या. त्या वेळीही त्यांनी आधी आमच्या पायांकडे बघितलं.

"कसा निघाला?"

"कोरडा," गजू म्हणाला.

त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे. मी मान हलवली. "कडक?" त्यांनी विचारलं. गजू म्हणाला, "हाव. चुरा झाला हातात." वयनींनी डोळे मिटले. "मंग पोचले," त्या म्हणाल्या. त्या संध्याकाळी त्यांनी बुटांबद्दल विचारलं नाही. नंतरही विचारलं नाही. गजू मात्र रोज जात होता आणि बोळे रोज ओले निघत होते.

आठवड्याच्या आत वयनी गेल्या. सकाळची वेळ होती. गजूने त्यांचे पाय धुतले, पुसले, बोटांच्या बेचक्यांपर्यंत पुसले. बायांना ते करायचं होतं, पण त्याने कुणाला हात लावू दिला नाही. पायांत त्याने लोकरीचे मोजे घातले. म्हातारे म्हणाले, असं करत नाहीत. तो म्हणाला, असू द्या.

वयनींना ओसरीत ठेवलं होतं ती जागा दादांचीच. तिथे पीठ पसरलं, दिवा लावला, टोपलं झाकलं. तेच जुनं टोपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रे आतून ओले होते आणि कडेने थेंब पडत होते. ताटाभोवतीच्या फरशीवर ते ठिबकलेले दिसत होते. गजूने टोपलं उचललं. पीठ जसं पसरलं होतं तसं होतं, कडेपासून कडेपर्यंत. त्याने मधोमध बोट टेकवलं, मग कडेला, मग पुन्हा मधे.

"कोरडं हाय," तो म्हणाला.

मी खाली वाकलो आणि बोट लावून बघितलं. या वेळी ते खरं होतं.